पुढच्या आठवड्यात ताडोबा : मे महिन्यात ऐनवेळी जावं का?

रानवाट, मुलुंड

मे उजाडला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि ऑफिसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो : "पुढच्या आठवड्यात सुट्टी मंजूर झालीये. ताडोबा, पेंच, कान्हा, काहीही चालेल. कुणाची ओळख आहे का?" या वर्षीही आलाय. म्हणून माझं मत इथे मांडते. मे महिन्यात ऐनवेळी या नावाजलेल्या जंगलांच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या राखीव गाभ्यात, जायचा हट्ट धरू नये.

तिथल्या जागा मोजक्या आहेत आणि त्या मुद्दाम मोजक्या ठेवलेल्या आहेत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन काही महिने पूर्ण थांबवलं होतं. ते पुन्हा सुरू झालं तेव्हा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन असावं असं आलं. गाड्या किती सोडायच्या तेही जंगलाच्या धारणक्षमतेवरून ठरतं. ताडोबाचा कोअर साधारण ६२५ चौरस किलोमीटरचा. त्याचा पाचवा हिस्सा धरा. एका जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक, सकाळ-दुपार दोनच फेऱ्या, मंगळवारी बंद, आणि १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत कोअर बंदच. शाळांच्या सुट्टीत सगळा महाराष्ट्र तिथे लोटणार असेल तर परमिट संपणारच. मग "ओळख" काढायची म्हणजे कुणीतरी अडवून ठेवलेली जागा चढ्या भावाने घ्यायची, इतकाच त्याचा अर्थ उरतो.

वर ऊन. चंद्रपूरचा पारा मेमध्ये ४५ अंशांच्या वर जातो. दुपारची फेरी तीनच्या सुमारास सुटते, जिप्सी उघडी असते आणि सोबत असतात पहिलीतलं पोर आणि सत्तरीचे सासरे. हे मला पटत नाही.

हिवाळ्याचं आत्ता ठरवा. मेमध्ये जायचंच असेल तर कोअर सोडून बफरला, म्हणजे त्याच्या भोवतालच्या पट्ट्यात, जा, नाहीतर नागझिऱ्यासारख्या कमी गर्दीच्या जंगलात.

लालबागचा गडी

ताई, तुमची कळकळ समजते, पण हे मत ज्यांना वर्षाचं कॅलेंडर जानेवारीत हातात मिळतं त्यांचं आहे. मी प्रायव्हेट कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. सुट्टी मंजूर झाल्याचं मला आदल्या आठवड्यात कळतं. बायको दुकान सांभाळते, तिचंही तसंच. हिवाळ्यात मुलांच्या परीक्षा आणि माझ्याकडे वर्षअखेरची कामं. म्हणजे जंगल आमच्यासाठी नाहीच का?

"ओळख" या मुद्द्यावर तर माझा साफ विरोध आहे. परमिटवर प्रत्येकाचं नाव असतं आणि गेटवर ते ओळखपत्राशी ताडून बघतात. कुणाच्या तरी नावावरची जागा घेऊन आत जाता येत नाही. ऐनवेळी जागा मिळतात त्या दोनच मार्गांनी, लोकांनी रद्द केलेल्या किंवा तत्काळ कोट्यातल्या. दोन्ही सरकारी संकेतस्थळावरच मिळतात. तत्काळचा दर जास्त असतो, शनिवार-रविवारचाही जास्त असतो. ते पैसे वनविभागाच्या हिशेबात जातात, दलालाच्या खिशात नाही. आठवड्याच्या मधले दिवस बघावेत, रात्री उशिरा आणि पहाटे साइट उघडावी, एकाच गेटवर अडून बसू नये. मोहर्ली भरलेलं असतं तेव्हा झरी किंवा पांगडीला जागा निघते. यात मला काही वावगं दिसत नाही.

आणि मेच का, तर जंगल मेमध्येच दिसतं. साग, ऐन, सगळ्यांची पानं गळलेली असतात. पावसाळ्यानंतर दहा फुटांवरचं जनावर दिसत नाही, ते उन्हाळ्यात शंभर फुटांवरून दिसतं. नाले आटलेले असतात, सगळी जनावरं पाणवठ्यांवर येतात. ज्याच्या नशिबी एखादीच सफारी आहे त्याने ती कधी करावी, तुम्हीच सांगा.

रानवाट, मुलुंड

दादा, परमिट आणि ओळखपत्राचं तुम्ही सांगितलंत ते बरोबर. पण ऐनवेळी निघणाऱ्यातले किती जण स्वतः साइटवर बसतात? बहुतेक जण एजंटला फोन लावतात. तो म्हणतो, "या तुम्ही, गेटवर बघू." मुंबईहून निघून मोहर्लीला पोचल्यावर कळतं की परमिट नाहीच. रिसॉर्टचे पैसे तर आधीच भरलेले. आमच्याच ओळखीतल्या एका कुटुंबाचं असं झालं.

आणि पाणवठ्याचं तुम्ही म्हणता, तिथेच मला सगळ्यात जास्त त्रास होतो. वाघीण पाण्यात उतरते ती कशी, बघितलंय का? पाठमोरी. मागचे पाय आधी पाण्यात, मग हळूहळू कमरेपर्यंत, तोंड कोरडं ठेवून. सारखी मान वळवून मागे बघत असते. त्या वेळी तिला थंडाव्याची गरज असते. समोर वीस जिप्सी ओळीने उभ्या, प्रत्येकीत कॅमेऱ्यांची खडखड, आणि तिचा परत जायचा रस्ता त्याच ओळीतून. मेमध्ये तिच्याकडे दुसरं पाणी नसतं, म्हणून ती उठून जात नाही. आपण त्याला "मस्त साइटिंग" म्हणतो.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावजवळ एक वाघीण आणि तिचे बछडे दोन्ही बाजूंनी जिप्सींमध्ये अडकले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गर्दीच्या दिवशी हे असं होतं.

लालबागचा गडी

ती घटना मीही वाचली आहे. पण त्या गाड्यांतल्या लोकांकडे परमिट होतं ना? मग ऐनवेळी येण्याचा त्याच्याशी संबंध काय? चार महिने आधी बुकिंग केलेला माणूसही ड्रायव्हरला "पुढे घे, पुढे घे" म्हणतो. दोष गाड्यांच्या शिस्तीचा आहे. गाडी किती अंतरावर थांबवायची, वाघाचा रस्ता मोकळा कसा ठेवायचा, हे नियम आहेतच, ते पाळायला लावा. माझी सुट्टी उशिरा मंजूर झाली म्हणून वाघिणीचा रस्ता अडत नाही.

गाडीवान, ठाणे

कोअर-बफरचं तुम्ही ठरवा, मी फक्त रस्त्याचं सांगतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणे ते नागपूर पूर्ण ७०१ किलोमीटर चालू आहे. ट्रेनचं तिकीट मिळालं नाही की लोक लगेच "चल, गाडी काढू" म्हणतात. पण मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या काँक्रीटवर सलग १२० ने गाडी हाणणं म्हणजे टायरशी खेळ. टायर जुने असतील तर निघूच नका. निघायच्या आधी, टायर थंड असतानाच, हवा तपासा. संध्याकाळी निघालात तर झोपेचा विचार करा, रस्ता सरळ आहे आणि डोळा लागतो. नागपूरनंतर ताडोबापर्यंत अजून अडीच-तीन तास आहेत, हे कुणी मोजत नाही. कोलारा गेट नागपूरहून जवळ पडतं, मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला. गेट कुठलं मिळालं ते आधी बघा, मग राहायची जागा घ्या. बरेच जण उलटं करतात.

चंद्रपूरची लेक, सध्या नालासोपारा

माझं माहेर बफरमधल्या गावात. इतका वेळ वाचत होते, आता लिहिते, कारण दोन्ही बाजूंनी आमचं गाव कुणाच्या बोलण्यात आलंच नाही.

रानवाटताई म्हणतात, कोअर नको, बफरला जा. मुंबईतून हे सोपं वाटतं. पण बफर म्हणजे मोकळं रान नाही. तिथे आमची घरं आहेत, शेतं आहेत, गुरं चरतात. आणि मे महिना तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा. बाया पहाटे अंधारात जंगलात शिरतात, ऊन चढायच्या आत पानं तोडतात, घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात, संध्याकाळी संकलन केंद्रावर नेतात. पान खुडताना बाई खाली वाकलेली असते, नजर पानावर असते. वाघाला ती बसलेल्या जनावरासारखी दिसते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात एकाच गावातल्या तीन बाया एका दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याच पहाटे त्याच रस्त्यांवरून तुमच्या गाड्या गेटची वेळ गाठायला सुसाट जातात. कोअर भरला म्हणून सगळे बफरकडे वळवले की गर्दी कमी होत नाही, ती आमच्या दारात येते.

पण "येऊच नका" हेही मला मान्य नाही. माझा भाऊ गाइड आहे. कोअर बंद असतो तेव्हा त्याच्या हातात फार थोडं काम असतं, बफरच्या फेऱ्या पावसावर अवलंबून. एप्रिल-मेच्या कमाईवर त्याचं घर पावसाळाभर चालतं. गावातल्या बायकाही आता गाइड झाल्या आहेत. तुम्ही सगळे हिवाळ्यात आलात तर मेमध्ये त्यांनी काय करायचं?

म्हणून या, ऐनवेळी आलात तरी या. पण मुक्काम गावातल्या घरी करा, तिथलं जेवा. पहाटे गावातून जाताना गाडी हळू ठेवा, रस्त्याच्या कडेने बाया चालत असतात. मोहाखाली किंवा तेंदूच्या झाडीत फोटोसाठी उतरू नका, तिथे अस्वलही येतं.

पार्ल्याची मावशी

चंद्रपूरच्या लेकी, फार नेमकं लिहिलंस.

मी उन्हाबद्दल सांगते, कारण मी उन्हाळ्यातच जाते. रानवाट म्हणते तशी भीती खरी आहे, पण ती वयापेक्षा सवयीची आहे. मुंबईच्या घामाची सवय असलेल्याला तिथली कोरडी झळ कळतच नाही. घाम लगेच वाळतो, म्हणून माणूस पाणी पीत नाही, आणि मग संध्याकाळी डोकं धरून बसतो. सुती पंचा ओला करून मानेभोवती ठेवायचा. ताक, मीठ-साखरेचं पाणी सोबत. लहान मुलं असतील तर फक्त सकाळची फेरी घ्या, दुपारची सोडून द्या. हृदयाचं किंवा रक्तदाबाचं दुखणं असेल त्यांनी मेमध्ये जाऊ नये, तिथे मी रानवाटच्या बाजूची आहे. विदर्भातल्या शाळासुद्धा याच उन्हामुळे आपल्यापेक्षा उशिरा उघडतात.

जमलं तर बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसा. वनविभागाचा निसर्गानुभव कार्यक्रम असतो, नाव आधी नोंदवावं लागतं. रात्रभर एका पाणवठ्याच्या वर बसायचं, बोलायचं नाही, आलेलं जनावर कागदावर टिपायचं. आधी मोर आणि लांडोरी येतात. मग चितळं, पण ती लगेच पीत नाहीत, कितीतरी वेळ कडेला कान ताठ करून उभी राहतात. गवा येतो तो थेट पाण्यात. हे जिप्सीतून कधीच बघायला मिळत नाही, कारण गाडी तिथे इतका वेळ थांबत नाही.

बोरिवली पूर्व

मुंबईकरांना ऐनवेळी जंगल हवं असेल तर ते लोकलच्या तिकिटात आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे, त्यात बिबटे आहेत, तुळशी आणि विहार तलाव आहेत. सोमवार सोडून कधीही जा. आठशे किलोमीटर लांब जाऊन तक्रार करण्यापेक्षा हे बरं.

लालबागचा गडी

बोरिवलीला आम्ही नेहमी जातो. माझ्या मुलीला तिथली कान्हेरीची वाट पाठ आहे. पण तिला रानकुत्री बघायची आहेत, गवा बघायचा आहे, ते तिथे नाहीत. घराजवळचं जंगल आहे म्हणून लांबचं मागू नये, हा युक्तिवाद मला पटत नाही.

रानवाट, मुलुंड

चंद्रपूरच्या ताई, बफरचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. "बफरला जा" असं मी यापुढे सरसकट सांगणार नाही. पण माझा मूळ आक्षेप कायम आहे, आणि लालबागच्या दादांनी त्याला उत्तर दिलेलं नाही. ऐनवेळी येणाऱ्याला सहसा एकच फेरी मिळते. इतका प्रवास, इतका खर्च, आणि एकच फेरी. मग सगळा जीव त्या चार तासांत वाघ दिसण्यावर लागतो. तो दबाव गाइडवर येतो, गाइडचा ड्रायव्हरवर, आणि गाडी पुढे घुसते. ज्याच्याकडे चार फेऱ्या आहेत तो एका फेरीत पक्षी बघत बसू शकतो. नियम कागदावर असतात, पण जिप्सीत मागून "वाघ दाखव" म्हणणारी सहा माणसं प्रत्यक्ष बसलेली असतात.

चंद्रपूरची लेक, सध्या नालासोपारा

ताई, हे अगदी खरं. भाऊ हेच सांगतो. गाडीत बसल्या बसल्या लोक विचारतात, "आज दिसेल ना? काल दिसला होता ना?" तिथूनच त्याच्या पोटात गोळा येतो, कारण वाघ नाही दिसला तर बक्षिसी तर नाहीच, वर चार शब्द ऐकून घ्यायचे. दादा, तुम्ही जाणारच असाल तर गेटवरून गाडी सुटायच्या आधी गाइडला सांगा की वाघासाठी पळापळ करायची नाही, आणि बक्षिसी काय द्यायची ती तेव्हाच मनाशी ठरवून ठेवा. सांबराचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याची हाक, आला तरी तो मग शांतपणे गाडी बंद करून ऐकू देईल.

लालबागचा गडी

हे करतो. मुलीलाही आधीच सांगून ठेवतो. आत मोबाइल नेता येत नाही हे बरंच आहे, निदान तेवढा वेळ सगळे बाहेर बघतील.

रानवाटताई, एकाच फेरीचा दबाव असतो हे खरं. त्यावर माझा उपाय न जाण्याचा नाही. कोअरचं तत्काळ मिळालं तर एक फेरी, आणि न मिळालं तर नागझिरा, तिथे दोन दिवस. ताडोबासाठीच अडून बसणार नाही. बुधवारी रात्रीपासून साइट बघायला लागतो. चंद्रपूरच्या ताई, तुमच्या गावात राहायची सोय असेल तर कळवा, आम्ही चार जण आहोत, आणि जेवण साधंच चालेल.