आमच्या मसाल्यात अजिनोमोटो नाही, तरी मी त्याची बाजू घेते आहे

बचतगटवाली (दारव्हा तालुका)
परवा गावच्या ग्रुपवर एक पोस्ट आली. त्यात लिहिलं होतं की अजिनोमोटो हे चीननं पाठवलेलं हळू विष आहे, त्यानं मेंदू सडतो, आणि बचत गटांच्या मसाल्याला चव येते ती त्याच्यामुळेच, म्हणून घरात असेल तर फेकून द्या. दुसऱ्याच दिवशी बाजारात दोघीजणींनी आमचं पाकीट उचललं, हुंगलं आणि परत ठेवलं. त्यातली एक माझी चुलत नणंद आहे.

आमच्या काळ्या मसाल्यात धणे, तीळ, खोबरं, खसखस, दगडफूल, लवंग, मिरे आणि भिवापूरची मिरची असते. अकरा बाया मिळून भाजतात, कांडतात. पांढरा दाणा त्यात पडत नाही. एवढं सांगून मी गप्प बसले असते, पण खोटं आमच्याबद्दल असो की एखाद्या पावडरीबद्दल, खोटंच असतं.

ती पावडर मुळात चीनची नाही, जपानची आहे. टोकियोच्या विद्यापीठातल्या किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सारातून ही चव वेगळी काढली. खारट, गोड, आंबट, कडू सोडून ही पाचवी चव, म्हणून तिला उमामी नाव दिलं. पुढच्या वर्षी तिचा कारखाना निघाला. अजिनोमोटो हे त्या कंपनीचं नाव, वस्तूचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजेच एमएसजी. आज ती उसाची मळी, मका, टॅपिओका यांच्यावर जिवाणू वाढवून, आंबवून करतात. पिकलेल्या टमाट्यात ग्लुटामेट असतं. पावसाळ्यात आपण ज्या सात्यांवर, म्हणजे रानातल्या अळंब्यांवर, तुटून पडतो त्यांची गोडीही बरीचशी याच जातीची. आईच्या दुधातही ते भरपूर असतं. पोटाला पाकिटातलं कोणतं आणि टमाट्यातलं कोणतं हे कळत नाही.

भीती सुरू झाली १९६८ साली. अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं तिथल्या वैद्यकीय मासिकाला पत्र लिहिलं की चायनीज हॉटेलात जेवलो की मानेला बधिरपणा येतो, छातीत धडधडतं. त्यानं दारू, मीठ, सोया सॉस अशी बरीच कारणं विचारार्थ मांडली होती. लोकांनी त्यातलं एकच उचललं. पुढच्या वर्षी उंदराच्या पिल्लांना मोठ्या मात्रेनं सुई टोचून मेंदूला इजा झाल्याचा प्रयोग छापून आला. 'मेंदू सडतो' ते तिथून आलं. आपण उंदराचं पिल्लू नाही आणि मंचुरियन सुईनं टोचून घेत नाही.

ज्यांनी पोस्ट पुढे ढकलली त्यांनी उत्तर द्यावं.

निवृत्त गुरुजी (वरुड)
ती पोस्ट मी पुढे पाठवली होती, म्हणून उत्तर देतो. बचत गटाचं नाव त्यात होतं ते मी नीट वाचलं नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. बाकी एक शब्द मागे घेणार नाही.

माझा नातू सात वर्षांचा आहे. शाळेच्या फाटकासमोर पाच रुपयांची पाकिटं माळेसारखी टांगलेली असतात. रोज एक खातो आणि घरी भाकरी समोर ठेवली की तोंड फिरवतो. नूडल्स खाल्ले की संध्याकाळी डोकं धरून बसतो. हे मी तीनदा डोळ्यांनी पाहिलं आहे. ३४ वर्षं पोरं शिकवली, मला पोरगं कळतं. १९०८ सालचा जपानी शास्त्रज्ञ माझ्या नातवाला काय ओळखतो? आणि २०१५ साली देशभर मॅगी बंद झाली होती ती काय उगीच?

बचतगटवाली (दारव्हा तालुका)
गुरुजी, मॅगीचं मुख्य भांडण शिशाचं होतं. उत्तर प्रदेशात बाराबंकीला घेतलेल्या नमुन्यात शिसं मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि पाकिटावर 'एमएसजी घातलेलं नाही' असं छापलेलं असताना ते सापडलं. जूनमध्ये बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण तपासणाऱ्या प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नव्हत्या आणि कंपनीचं म्हणणं नीट ऐकलं नव्हतं. नोव्हेंबरात नूडल्स परत दुकानात आले. या साऱ्यात अजिनोमोटो विष आहे असं कोणत्या न्यायालयानं म्हटलं ते दाखवा.

चायनीज गाडी (पुसद)
ताई बोलल्या म्हणून मी बी बोलतो. बस स्टँडजवळ माही गाडी हाये. असे मेसेज फिरले का माही विक्री निम्म्यावर येते. लोकं येऊन इचारतात, भाऊ मोटो टाकतो का? हो म्हटलं तं जातात, नाही म्हटलं तं मी खोटा. मी बारावी शिकलो, नोकरी नाही भेटली, कर्ज काढून गाडी लावली. गुरुजी, तुमच्या पोस्टनं माह्या लेकराचा घास जाते.

निवृत्त गुरुजी (वरुड)
तुझ्या लेकराच्या घासासाठी माझ्या नातवानं काय खायचं हे तू ठरवू नको.

चायनीज गाडी (पुसद)
म्या कधी तुमच्या नातवाले बोलावलं? शाळेसमोरचे पाकिटं कारखान्यातले हायेत, त्याइले बोलायची हिंमत करा ना. गाडीवाला गरीब दिसते म्हनून त्याच्यावर चढता.

शेतकरी (कळंब)
तुमी चमचाभर पावडरीचं भांडन करून रायले. विष कायले म्हन्तात ते आमाले इचारा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारनी करता करता मानसं गेले. वीसच्या आसपास मेले, शेकडो दवाखान्यात होते, कित्येकाइच्या डोळ्याले अंधारी आली. कपाशी डोक्याइतकी वाढली होती, पंप पाठीवर, तोंडाले फक्त दुपट्टा. माहा मजूर तीन दिवस ओकत होता. तवा ग्रुपवर पोस्टा पाठोनारे कोठी होते? कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल तिकोन कोनाले समजावून सांगतला का? आन् हे लोक पुडीच्या मांगं लागले.

उपकेंद्रातली सिस्टर
भाऊ, तुमचं दुःख खरं आहे, पण हे विषयाला सोडून आहे. मी दोन्ही बाजूंना बोलणार आहे.

ताई, तुमचं बरंचसं बरोबर आहे. अमेरिकेच्या सरकारनं १९९५ साली तज्ज्ञांकडून अहवाल घेतला. रिकाम्या पोटी, अन्नाशिवाय ३ ग्रॅम किंवा जास्त घेतलं तर काही लोकांना थोडा वेळ डोकेदुखी, बधिरपणा, धडधड होऊ शकते असं त्यात आहे. जेवणाच्या एका वाढणीत ते सहसा अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असतं. म्हणून 'मेंदू सडतो' हे साफ खोटं. आणि त्यात सोडियम साधारण १२ टक्के, मिठात ३९.

पण तुम्ही लहान मुलांचं काही बोलल्या नाहीत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला ३० मिलीग्रॅम ठरवली. १५ किलोचं लेकरू धरा, ४५० मिलीग्रॅम झाले. काही मुलं ही मर्यादा ओलांडतात असंही त्यांनीच म्हटलं. जागतिक संघटनांच्या तज्ज्ञ समितीनं १९८७ मध्ये आकड्याची गरज नाही म्हटलं होतं, म्हणजे शास्त्रज्ञांतही एकमत नाही. आपल्याकडच्या २०११ च्या नियमांत तर १२ महिन्यांखालच्या बाळासाठी नाही, असं पाकिटावर छापायचं सांगितलं होतं. माझ्याकडे लसीकरणाला येणाऱ्या आया आठ महिन्यांच्या बाळाच्या हातात कुरकुरीत पाकीट देतात. मला ते रोज दिसतं.

बचतगटवाली (दारव्हा तालुका)
मुलांचं मान्य. मी लिहायला हवं होतं. पण सिस्टर, त्या पाकिटात मैदा, पाम तेल आणि मीठही आहे. नुसती पावडर काढून टाकली तर ते पाकीट बाळाला द्याल का?

उपकेंद्रातली सिस्टर
नाही देणार. पण त्या पावडरीच्या चवीमुळेही लेकरू दुसरं पाकीट मागू शकतं, हे तुम्ही नाकारू नका.

माळकरी (अचलपूर)
मला फक्त एवढंच सांगा, पाकिटावर अजिनोमोटोचा नंबर ६२१ असतो, त्याच्या शेजारी ६३१ लिहिलेलं असतं ते मांसाचं असतं का? माझ्या सासूबाईंनी गेल्या वर्षभरात एक चिप्स खाल्ला नाही.

बचतगटवाली (दारव्हा तालुका)
६३१ म्हणजे इनोसिनेट. इकेदांच्याच एका शिष्यानं १९१३ साली सुक्या माशात ते शोधलं. ६२१ सोबत थोडंसं घातलं की चव कितीतरी पट वाढते, म्हणून जोडीनं घालतात. भंडाऱ्याकडे वांग्यात सुकट घालतात, त्यात हीच जोडी जमते. ते माशापासून किंवा मांसापासूनही करता येतं आणि आंबवूनही. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर ते प्राण्यापासूनचं नसावं असा नियम आहे. तेवढा ठिपका पाहा.

किराणावाला (आर्णी)
मी एक गोष्ट सांगतो, कोणी राग मानू नका. गाडीवाले माझ्याकडून महिन्याला जेवढं अजिनोमोटो नेत नाहीत त्याच्या दुप्पट लग्नसराईत आचारी नेतात. चायनीजला नावं ठेवणारे लोक लग्नात 'काय वांग्याची भाजी झाली हो' म्हणून तीनदा मागतात.

निवृत्त गुरुजी (वरुड)
वांग्याच्या भाजीत? हे मी मानत नाही. वऱ्हाडातल्या लग्नातली वांग्याची भाजी म्हणजे देवाचा प्रसाद.

आचारी (वर्धा जिल्हा)
माना गुरुजी. मी २२ वर्षांपासून लग्नाचे सयपाक करतो. मी टाकतो. वरनात टाकतो, भाजीत टाकतो, मसालेभातात टाकतो. लपवून टाकतो कारन लोक असे मेसेज पाठोतात.

काहून टाकतो ते आयका. माह्या बापाच्या वक्ताले लग्न असलं का आदल्या रातच्याले गावातल्या पंधरा-वीस बाया इळे घेऊन याच्या. काटेरी वांगे चिरनं, लसून सोलनं, खोबरं किसनं, खसखस पाट्यावर वाटनं. मसाला चुलीवर घंटाभर भाजल्या जाये. पाचशे मानूस जेवे. आता आठशे ताटाचं कंत्राट असते, माह्यासंगं पाच पोट्टे, मसाला पाकिटाचा, टमाटे शीतगोदामातले, कच्चे, फक्त लाल दिसनारे. त्या भाजीले कोठून चव आनू? चिमूटभर पावडर टाकली का लोक म्हन्तात, वा आचारीबुवा.

निवृत्त गुरुजी (वरुड)
म्हणजे मी जी चव आठवून पंगतीत डोळे मिटत होतो ती पुडीतली होती. मला फार वाईट वाटलं. त्या जुन्या पंगती, पळसाच्या पत्रावळी, सारा गाव एका कामाला लागलेला, ते सगळं आपण घालवलं.

आर्वीची सून
थांबा. सारा गाव कामाला लागलेला नव्हता, गावातल्या बाया कामाला लागलेल्या होत्या. माझ्या नणंदेच्या लग्नात मी पाच महिन्यांची पोटुशी होते. रात्री दहापासून पहाटे तीनपर्यंत पाटावर बसून वांगी चिरली. बोटं काळी, कंबर गेलेली. बाहेर मांडवात पुरुष पत्ते खेळत होते आणि दर तासाला चहा मागत होते. दुसऱ्या दिवशी चार पंगती उठल्या आणि पाचव्या पंगतीला आम्ही बसलो तेव्हा भाजी संपली होती. रश्श्यात भात कालवून खाल्ला. ती चव तुम्हाला आठवते, मला आठवत नाही, कारण मी ती चाखलीच नाही. चिमूटभर पावडरीनं माझ्या पोरीची ती रात्र वाचत असेल तर आचारीभाऊंनी मूठभर टाकावी.

शेतकरी (कळंब)
वहिनी खरं बोलल्या. माही माय बी अशीच पाचव्या पंगतीले बसे.

निवृत्त गुरुजी (वरुड)
सूनबाई, तुम्ही मला दोषी धरता. मी तेव्हा पत्ते खेळत नव्हतो.

आर्वीची सून
वांगीही चिरत नव्हता.

निवृत्त गुरुजी (वरुड)
नव्हतो.

उपकेंद्रातली सिस्टर
मूठभर नको. आठशे माणसांच्या भाजीत किती टाकता भाऊ, वजनात सांगा.

आचारी (वर्धा जिल्हा)
पावकिलोची पुडी. कधी दीड पुडी.

उपकेंद्रातली सिस्टर
म्हणजे माणशी अर्ध्या ग्रॅमच्या आत, तेही पोटभर जेवणासोबत. मोठ्या माणसाला चालेल. वरणात वेगळं, भातात वेगळं टाकता तेवढं मात्र कमी करा, कारण मिठाचा हात तुम्ही त्यासाठी आखडत नाही. आणि गाडीवाल्या भाऊंनी चमच्यानं टाकू नये. चहाचा सपाट चमचा चार ग्रॅमच्या आसपास जातो, तो एका प्लेटला कशाला हवा?

चायनीज गाडी (पुसद)
पयले चमच्यानंच टाकत होतो. उद्यापासून चिमटीनं टाकीन. पन गाडीवर पाटी लावतो, 'अजिनोमोटो आहे, चिमूटभर'. खोटं बोलायचा कंटाळा आला.

निवृत्त गुरुजी (वरुड)
पाटी लावशील तर मी येऊन पाहीन. खाणार नाही, पाहीन. विष हा शब्द मी मागे घेतो, मोठ्या माणसांपुरता. ग्रुपवर तसं लिहितो, बचत गटाचंही लिहितो. शाळेच्या फाटकासमोरच्या पाकिटांबद्दल माझं मत तेच आहे आणि मी सोमवारी मुख्याध्यापकांकडे अर्ज देणार आहे.

बचतगटवाली (दारव्हा तालुका)
त्या अर्जावर माझी सही घ्या. आमच्या अकरा जणींची घ्या. फाटकासमोर शेंगदाण्याची चिक्की आणि खारोड्या आम्ही ठेवू, पाच रुपयांतच.

निवृत्त गुरुजी (वरुड)
आचारीबुवा, वैशाखात नातीचं लग्न आहे, तीनशे माणूस. एक भाजी पुडीशिवाय कराल का? भाजायचा मसाला ताईंकडून घेऊ.

आचारी (वर्धा जिल्हा)
करीन. टमाटे वावरातले पिकलेले पायजे, आन् वांगे चिरायले, खोबरं भाजायले रातच्याले आठ मानसं पायजे. पोट्टे पुरत नाहीत मले.

निवृत्त गुरुजी (वरुड)
मी, माझा मुलगा, दोन जावई, चार पुतणे. आठ झाले. विळे आमच्या घरी दोनच आहेत.

आर्वीची सून
माझ्याकडे सहा आहेत. धार लावून पाठवते.