दारे बंद, दिनक्रम चालू
कोरोनाच्या टाळेबंदीत परदेशातील तरुण मिशनरी (धर्मप्रचारक) नुसते बसून राहिले असतील, असे काहींना वाटते; मला ते पटत नाही. मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाचे मुलगे १८व्या वर्षापासून धर्मप्रचारासाठी दोन वर्षे घर सोडू शकतात. मार्च २०२० पासून त्यांतील हजारोंना मायदेशी परतावे लागले आणि मागे राहिलेल्यांचे दारोदार फिरणे थांबून काम मोबाइलच्या पडद्यावर आले. जोडीने काम करणाऱ्या सोबतच्या मिशनरीला सोडून कुठे जायचे नाही हा नियम एरवीही असतोच, पण महिनोन्महिने त्याच चेहऱ्यासमोर घरात कोंडून राहणे सोपे नव्हे. पांढरा शर्ट, टाय आणि काळी नावपट्टी लावून फोनसमोर बसणारी ही मुले पाहून माझा जीव गलबलतो. घरी दर आठवड्याला बोलण्याची मुभा २०१९ मध्येच मिळाली होती. त्यापूर्वी फोन वर्षातून दोनदाच होत असे.