मदत हवी आहे: सायकलच्या ग्रुपमध्ये उतारावर पुढच्याच्या अंगावर जातो, चढावर मागे पडतो

नमस्कार मंडळी,

आमचा सहा-सात जणांचा ग्रुप रविवारी पहाटे निगडीहून जुन्या महामार्गाने लोणावळ्याला जातो. सपाटीला २५-२६ चा वेग असतो, तिथे काही अडत नाही. गोची होते कामशेतच्या खिंडीत. माझं वजन ९२ किलो, बाकीचे साठ-पासष्टचे. उतरताना पेडल न मारताही मी पुढच्याच्या अंगावर जातो. ब्रेक दाबला की मागून शिव्या. पुन्हा जरा चढ लागला की तो घालवलेला वेग नेमका हवा असतो, आणि मी चार-पाच सायकली मागे! सायकल हायब्रिड, डिस्क ब्रेकवाली. काय करू?

प्रतिसाद: वजनदार माणूस उतारावर जोरात जाणारच. त्यात तुम्ही पुढच्याच्या आडोशाला, म्हणजे वाराही कमी लागतो. म्हणून माथ्यावरच सायकलभर अंतर जास्त सोडा. वेग वाढला की आधी ताठ बसा, छातीवर वारा घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर दोन्ही ब्रेक हलके टेकवा, पण पाय फिरते ठेवा. पाय थांबले की मागच्याला वाटतं तुम्ही थांबताय, तो ब्रेक मारतो आणि शेवटच्याला तर करकचून मारावा लागतो. नजर पुढच्याच्या चाकावर नको, त्याच्या खांद्यावरून पलीकडे हवी. आणि तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीच जाऊ देऊ नका. घासलं तर पडता तुम्ही, तो नाही.

प्रतिसाद: सगळं यांच्याच माथी का? पुढे कोण असतो ते बघा. उतार लागला की गडी पाय सोडून निवांत बसत असणार. सगळा वारा त्याच्या तोंडावर, त्यामुळे त्याने पेडल सोडलं की मागची अख्खी रांग त्याच्यावर जमा होते. उतारावर पुढच्याने पेडल मारायलाच हवं. त्यापेक्षा उतारावर तुम्हीच पुढे राहा. खालच्या चढावर एकेक जण पुढे जाईल, पण तुम्ही शेपटाला पोचेपर्यंत छोटा चढ संपलेला असतो.

धागाकर्ता: पटलं. पण माथ्यावर मीच शेवटी पोचतो, पुढे येऊ कसा?

प्रतिसाद: निघण्याआधीच ठरवून घ्या. माथा आला की पुढच्याने लगेच जोर लावायचा नाही, शेवटचा येईपर्यंत रेंगाळायचं. तुम्ही मागे ट्रक नाही ना बघून, हाक देऊन उजवीकडून पुढे या. डावीकडून अजिबात नको, तिथे खडी असते.