अत्तर लावल्यावर नाकाला जे कळतं, त्याला मराठीत काय म्हणायचं?

गंगाघाट:
मी रोज अत्तर लावते. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजची पारंपरिक अत्तरं लावते, आणि अलीकडे घरच्या घरी थोड्या प्रमाणात तेलं मिसळणाऱ्या कारागिरांच्या छोट्या कुप्याही घेते. सकाळी लावल्यापासून रात्रीपर्यंत वास कसा बदलत गेला ते वहीत लिहायची सवय आहे. लिहिते मराठीत, आणि तिथेच अडते. या छंदातली माणसं पहिल्या, मधल्या आणि तळाच्या वासाला टॉप नोट, हार्ट नोट, बेस नोट, शेवटी अंगावर उरणाऱ्या वासाला ड्रायडाउन, वास लांब पोचण्याला प्रोजेक्शन असे शब्द वापरतात. मला ते समजतात, पण वहीत उतरवले की ते वाक्य माझं वाटत नाही.

उदाहरण देते. वाळ्याचं अत्तर मनगटाला लावलं की आधी ओल्या मुळांचा कडवट, हिरवट वास येतो, नाकाला जरा टोचणारा. नाशकातल्या मे महिन्यात घराबाहेर पडलं की तो पटकन निवतो आणि खालून लाकडाचा गोडसर वास वर येतो. संध्याकाळी मनगट अगदी नाकाशी नेलं तरच चंदनाचा दुधाळ, मऊ वास कळतो. एकच थेंब, पण तीन वेगळ्या गोष्टी. या तीन टप्प्यांना काय म्हणावं? वास अंगापासून किती लांब पोचतो याला शब्द आहे का? आणि या नव्या मिश्र तेलांना ‘अत्तर’ म्हणणं बरोबर आहे का?

पंचवटीकर:
लांब पोचण्याबद्दल आधी बोलतो, कारण तिथे मराठीकडे भरपूर शब्द आहेत आणि आपण ते सगळे एकाच अर्थानं वापरून त्यांची धार घालवली आहे. ‘दरवळ’ हालणारा असतो. वाऱ्याबरोबर येतो, जातो, परत येतो. ‘घमघमाट’ जागा भरून टाकतो, त्यात ये-जा नसते. ‘दर्प’ समोरच्याच्या नाकावर आदळतो. संस्कृतात दर्प म्हणजे गर्व, आणि केवड्याचा दर्प ज्यानं अनुभवलाय त्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ‘भपकारा’ एकदाच येतो आणि बहुतेक वेळा नकोसा असतो, दारूचा किंवा उघड्या गटाराचा.

‘परिमळ’ हा शब्द आपण आता कवितेपुरता ठेवलाय. पण अमरकोशात परिमलाची व्याख्या पाहा: घासल्यामुळे, चुरगळल्यामुळे निघणारा मनोहर गंध. म्हणजे उगाळलेलं चंदन, चुरडलेला मरवा, अंगाला लावलेली उटी. त्याच जागी ‘आमोद’ही आहे, फार लांब पसरणाऱ्या गंधासाठी. अत्तर त्वचेवर टेकवून, चोळून लावतात. मग त्याचा तो परिमळ, आणि खोलीभर गेला तर आमोद. ताई, तुमच्या प्रोजेक्शनचं कोशकारांनी केव्हाच बघून ठेवलं होतं.

गंगाघाट:
परिमळाचा हा अर्थ माहीत नव्हता, फार आवडला. ‘आमोद’ मात्र वहीत येणार नाही. आज आमोद म्हटलं की सगळ्यांना आनंदच आठवतो. ‘दरवळ’ आणि ‘घमघमाट’ यांतला फरक मी आजपासून पाळणार. हाताने बनवलेली तेलं घमघमत नाहीत. त्यांत अल्कोहोल नसतं, त्यामुळे ती अंगाजवळ राहतात, आणि मला ती आवडतात ती त्याचसाठी. माणूस शेजारी बसला तर त्याला कळावं, दारातून आत आलेल्याला नाही.

जुनं नाशिक:
आमच्या घराजवळ भद्रकालीत अत्तराची दुकानं आहेत, लहानपणापासून तिथली भाषा कानावर आहे. पहिली गोष्ट क्रियापदाची. सेंट ‘मारतात’, अत्तर ‘लावतात’. आमच्याकडे कुणी ‘अत्तर मारलं’ म्हटलं तर म्हातारी माणसं थांबवून सांगायची, बाळा, अत्तर लावतात. हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या हाताच्या पाठीवर लावतात, लग्नात पाहुण्याला लावतात, कापसाचा फाया करून कानात ठेवतात. दुसऱ्याला लावायची वस्तू आहे ती. स्वतःच्या अंगावर फवारा मारून घराबाहेर पडणं हा वेगळा व्यवहार आहे आणि त्याचं क्रियापदही वेगळं.

दुसरी गोष्ट, दुकानात ‘रूह’ आणि ‘अत्तर’ वेगळं धरतात. रूह खस (खस म्हणजे वाळा) किंवा रूह गुलाब म्हणजे नुसता अर्क, दुसऱ्या कशाचा आधार नसलेला. अत्तर म्हणजे तोच वास चंदनाच्या तेलात उतरवलेला. कन्नौजला तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी घालून खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं, ते हा वास पिऊन घेतं. फुलं बदलून हेच पुन्हा पुन्हा करतात. त्या भांड्याचं नाव ‘भपका’ आणि आपल्या मराठीत भपका म्हणजे डामडौल, तेव्हा पंचवटीकरांच्या यादीत याचीही भर घाला.

ऋतूही बघतात. उन्हाळ्यात खस, गुलाब, केवडा, मिट्टी. थंडीत हिना, शमामा, ऊद, अंबर. निफाडकडची थंडी सुरू झाली की खस लावून उपयोग नाही, अंग गार असतं, वास उमलतच नाही.

सातपूरकर:
मी रसायनांच्या कामात आहे, म्हणून एक शंका. बाजारात अत्तर म्हणून जे मिळतं त्यातल्या पुष्कळशा कुप्यांत चंदनाचं तेल नसतं. चंदन इतकं महागलंय की त्याच्या जागी द्रवरूप पॅराफिन किंवा तसलीच बिनवासाची द्रव्यं आधाराला वापरतात, आणि वासही प्रयोगशाळेत केलेला. त्याला अत्तर म्हणायचं का? माझ्या मते नाही म्हणू. ‘सुगंधी तेल’ म्हणावं. गंगाघाट ताईंच्या कारागिरांनी खऱ्या अर्कांची मिसळण केली असली, तरी भपक्यातून उतरलेलं नसेल तर तेही सुगंधी तेलच.

टप्प्यांमागचं कारण साधं आहे. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन हलकं असतं, भराभर उडतं. चंदनातलं सँटॅलॉल जड, ते तासन् तास रेंगाळतं. त्यामुळे वास बदलत नाही, वरचे थर उडून जातात आणि खालचे उघडे पडतात. ‘वरचा वास, मधला वास, तळाचा वास’ असं म्हटलं तर चालेल की.

गंगाघाट:
तळाचा वास हे बरोबर आहे, समजतंही. पण मी लिहायला बसते तेव्हा मला थर दिसत नाहीत, मला काहीतरी घडताना दिसतं. म्हणून नामापेक्षा क्रियापद हवंय. जुन्या नाशकातल्या दादांनी ‘उमलत नाही’ लिहिलं ना, ते वाचताना मी थांबले. तसे शब्द.

‘सुगंधी तेल’ मात्र मला पटत नाही. डोक्याला लावायचं सुगंधी तेल हे मराठी घरात इतकं पक्कं बसलेलं आहे की दुसरा अर्थ त्यात शिरत नाही. अरबीतला ‘इत्र’ मुळात सुगंध एवढंच सांगतो, त्यात भपक्याची अट नाही. अत्तर चांगलं की वाईट, चंदनातलं की पॅराफिनमधलं, हे विशेषणानं सांगावं. शब्द मोठा राहू द्या.

कसमादे:
आमच्या सटाण्याकडे घरातल्या बायका म्हणायच्या, ‘आता मुरलं बघ’. लोणचं मुरतं तसं अत्तरही मुरतं. लावल्यावर लगेच हुंगायचं नाही, मुरू द्यायचं. तुमच्या ड्रायडाउनला हा शब्द चालेल असं वाटतं.

आणि ‘धरणं’. ‘हे अत्तर अंग धरत नाही’, ‘लुगड्यानं वास धरला’. काहींच्या अंगावर अत्तर टिकतच नाही, कोरड्या कातडीचं अंग असलं की लवकर उडून जातं. आधी खोबरेलाचं बोट फिरवा, मग लावा, वास धरेल.

गंगाघाट:
कसमादे, मी हाच शब्द शोधत होते! तेल जिरतं, वास मुरतो. दोन्ही वेगळं आहे, आणि इंग्रजीतल्या ड्रायडाउनमध्ये ‘वाळणं’ आहे, जे अत्तराच्या बाबतीत खरंच घडत नाही. चंदन वाळत नाही, ते त्वचेच्या ऊबेनं हळूहळू बाकीच्या वासांना आपल्यात ओढून घेतं.

मग माझ्या वहीसाठी असं ठरवते: अत्तर आधी ‘उठतं’, मग ‘उमलतं’, मग ‘मुरतं’. टिकलं तर अंगानं ‘धरलं’, नाही तर ‘उडालं’. डोकं दुखवलं तर ‘चढलं’. ‘बसलं’ मात्र चांगल्या अर्थानं वापरता येणार नाही, कारण भांड्याला कांद्याचा वास बसतो, बंद कपाटात कुबट वास बसतो.

यातूनच दुसरी अडचण आली. विशेषणं. मिट्टीचं अत्तर लावलं की कोऱ्या माठात पहिल्यांदा पाणी ओतल्याचा वास येतो, आणि तो मला इतर कुठल्याही वासापेक्षा जास्त आवडतो. त्याला ‘मातकट’ लिहिलं तर तक्रार वाटते. मातकट, ओशट, कुबट, खवट, करपट, जळकट, धुरकट: टकारान्त विशेषणं बहुतेक सगळी नाक मुरडणारी आहेत. धुरकट वासाची अत्तरं मला फार आवडतात, पण लिहिताना त्यांची निंदा केल्यासारखं होतं.

पंचवटीकर:
कारण मराठी माणूस चांगल्या वासाला विशेषण लावतच नाही, त्याचं मूळ सांगतो. ‘पहिल्या पावसाचा वास’, ‘नव्या वहीचा वास’, ‘बाळाच्या टाळूचा वास’. विशेषण आलं की बिघाड झाला असं समजावं. चांगल्या वासाची आपली मोजकीच विशेषणं, त्यात ‘खमंग’ आणि ‘खरपूस’ दोन्ही स्वयंपाकघरातली. म्हणून मिट्टीला ‘कोऱ्या माठाचा’ हेच लिहा. ‘मृद्गंध’ पुस्तकी आहे, बोलताना कुणाच्या तोंडी येत नाही. इंग्रजांकडेही या वासाला स्वतंत्र शब्द नव्हता. ‘पेट्रिकोर’ हा शब्द बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 1964 साली ‘नेचर’मधल्या लेखात घडवला. कन्नौजचे कारागीर तर भाजलेली माती देगेत घालून तो वास कुपीत भरतात.

सातपूरकर:
मोगऱ्याबद्दल विचारायचं होतं. मोगऱ्याच्या अस्सल अत्तरात मला डांबरगोळीसारखं काहीतरी येतं. घरी सगळे म्हणाले भेसळ आहे. भेसळ नाही, मोगऱ्यात इंडोल नावाचं द्रव्य असतं, ते प्रमाणाबाहेर गेलं की तसाच वास येतो. याला काय म्हणाल?

गंगाघाट:
याला मी बिनदिक्कत ‘दर्प’ म्हणेन. मोगऱ्याच्या गजऱ्यात तो संध्याकाळी असतो आणि सकाळी कोमेजलेल्या फुलांत जास्त जाणवतो. हा दर्प काढून टाकलेली मोगऱ्याची अत्तरं मला निर्जीव वाटतात. गोड असतात, स्वच्छ असतात, पण फुलाचं अंग त्यांत नसतं. चांगला कारागीर दर्प मारत नाही, त्याला चंदनात मुरवतो. सुरुवातीला जरा सोसावं लागतं. तास-दोन तासांनी त्याच मनगटावर खरा मोगरा येतो.

गुलाबाचं उलट झालंय. आपल्या नाशिकला मोगली अमदानीत गुलशनाबाद म्हणायचे. आजही जिल्ह्यात गुलाब भरपूर होतो, पण पॉलिहाउसमधला लांब दांड्याचा गुलाब फुलदाणीत टिकण्यासाठी जोपासलेला असतो, वास त्याला नावापुरता. अत्तराचा गुलाब दमास्क जातीचा, तो उत्तरेकडे होतो. त्याच्या जवळ जाणारा वास हवा असेल तर फुलबाजारात गुलकंदाचा गावठी गुलाब मागा आणि पाकळ्या तळव्यावर चुरडून हुंगा. हाच तो अमरकोशातला परिमळ.

कसमादे:
‘ऊद’चं काय ते सांगा. माझ्या नणंदेनं ऊदाचं अत्तर म्हणून आणलं, आणि आमच्या धुपाटण्यातल्या ऊदासारखा वास त्याला अजिबात नाही. फसवलं म्हणाली.

जुनं नाशिक:
फसवलेलं नाही, नावाचा घोळ आहे. आपल्या घरात निखाऱ्यावर टाकतो तो ऊद म्हणजे राळेसारखा झाडाचा चीक. त्यावरूनच उदबत्ती. अरबीत मात्र ‘ऊद’ म्हणजे लाकूड, आणि अत्तरवाल्यांचा ऊद म्हणजे आपलं अगर, अगरू. आसामकडे ही झाडं आहेत. झाडाला बुरशी लागली की ते आतल्या आत काळा, राळेनं भरलेला गाभा तयार करतं, वास त्या गाभ्याला असतो. म्हणजे अगरबत्ती आणि उदबत्ती हे आज एकाच वस्तूचे दोन शब्द असले, तरी मराठीत त्यांतली नावं दोन वेगळ्या झाडांची आहेत. दुकानात ‘अगर’ मागितलं तर नणंदेला हवा तो मिळणार नाही. तिला धुपाटण्यातला वास हवा असेल तर ‘लोबान’ म्हणून विचारायला सांगा.

गंगाघाट:
अगरू असेल तर नणंदबाईंना म्हणावं, थंडी पडेपर्यंत थांबा. उन्हात ते फार उठतं, गोठ्यासारखं येतं, आणि लोक कुपी परत करतात. डिसेंबरात मानेमागे, शालीच्या आत, काडीच्या टोकावर येईल एवढंच लावायचं. मुरायला दुपार होते.