शब्दचर्चा : ‘निर्बंध’ की ‘बंदी’? ‘स्वायत्तता’ की ‘स्वातंत्र्य’?

सांगली : बारावीला अर्थशास्त्र शिकवते. टिपणात ‘परकीय निर्बंधांचा व्यापारी गटाच्या (म्हणजे एकत्र व्यापार करणाऱ्या देशांच्या गटाच्या) धोरणस्वायत्ततेवर परिणाम’ असं वाक्य आहे. मुलं अडखळतात. ‘निर्बंध’ऐवजी सरळ ‘बंदी’ लिहू का?

मिरज : नको, ताई. बंदीत गोष्ट पुरती थांबते, जशी कांद्याची निर्यातबंदी. निर्बंधात काही वाटा उघड्या राहतात. फक्त ‘आर्थिक निर्बंध’ असं पूर्ण लिहा, नाहीतर मुलांना करोनाच आठवेल.

तासगाव : मी हळदीच्या व्यापारात आहे. इराणवर अमेरिकेचे निर्बंध आहेत, त्यामुळे तिकडे माल पाठवताना अडचण हळदीची नसते, पैसे कोणत्या बँकेतून येणार याची असते. २०१२ मध्ये भारताने इराणी तेलाचे काही पैसे युको बँकेत रुपयांत भरायची सोय केली, त्यातून आपल्या निर्यातदारांची बिलं भागत. २०१९ ला अमेरिकेने इराणी तेल घ्यायला दिलेली सवलत संपवली, आपली तेलखरेदी थांबली आणि तो रुपयाही आटला. म्हणून ‘दुय्यम निर्बंध’ हा शब्द मुलांना शिकवाच. इराणशी व्यवहार करणाऱ्या तिसऱ्या देशातल्या कंपनीला किंवा बँकेलाच त्यात धरतात.

मिरज : अगदी बरोबर, आणि गटाचं उदाहरण युरोपीय संघाचं. १९९६ मध्ये अमेरिकेने क्यूबावरच्या निर्बंधांसाठी हेल्म्स-बर्टन कायदा केला, त्यात परदेशी कंपन्याही धरल्या. संघाने त्याच वर्षी उलट कायदा केला : आमच्या कंपन्यांनी हे परकीय निर्बंध पाळायचे नाहीत. २०१८ मध्ये अमेरिका इराण अणुकरारातून बाहेर पडल्यावर हाच कायदा इराणसाठी वाढवला. तरी फ्रान्सची तेलकंपनी तोताल इराणच्या वायुप्रकल्पातून निघाली, आणि बँकांचे पैशांचे निरोप पोचवणाऱ्या, बेल्जियममधल्या ‘स्विफ्ट’ने इराणी बँका तोडल्या. डॉलरचा बाजार गमावायची कुणाचीच तयारी नव्हती. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटनने २०१९ मध्ये इराणशी व्यवहारात डॉलर टाळायला ‘इन्स्टेक्स’ नावाची कंपनी काढली, ती २०२३ मध्ये गुंडाळली.

आणि ‘धोरणस्वायत्तते’ऐवजी मी ‘धोरणस्वातंत्र्य’ म्हणेन. स्वायत्तता वरच्या संस्थेच्या चौकटीत मिळते, स्वायत्त महाविद्यालयासारखी. युरोपला कोणी वरचा नाही.

तासगाव : पण सर, वर्तमानपत्रं भारताबद्दल ‘सामरिक स्वायत्तता’ लिहितात. तो रुळलेला शब्द मुलांना चुकीचा वाटायला नको.

मिरज : रुळलाय, मान्य. भारताबद्दल तो तसाच राहू दे. माझी खरी हरकत ‘परिणाम’ला आहे, फार मोघम शब्द. हक्कांचा ‘संकोच’ होतो असं कायद्याच्या मराठीत म्हणतात. संघाचा कायदा रद्द झाला नाही, अधिकार कागदावर शाबूत होता, वापरायची जागा मात्र आक्रसली. ‘संकोच’मध्ये नेमकं हेच येतं.

सांगली : मग असं लिहिते : ‘परकीय आर्थिक निर्बंधांमुळे व्यापारी गटाच्या धोरणस्वातंत्र्याचा संकोच होतो.’ दुय्यम निर्बंधांसाठी हळदीचंच उदाहरण घेते, वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी हळद पिकते.