जुन्या अमेरिकन मासिकातल्या पिन-अप फोटोंबद्दल

पऱ्हाटीवाला, वणी:
जिनिंगच्या जुन्या ऑफिसातली लोखंडी पेटी उघडली त हिशेबाच्या वह्यांखाली दोन अमेरिकन मासिकं निघाली, 1955 च्या आसपासची. कोपरे वाळवीनं खाल्ले, आतल्या पिन-अप बाया (भिंतीवर टाचायला छापलेले फोटो) मात्र ठणठणीत. आजी म्हणते चुलीत घाल. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. या पोरींना पैसे किती भेटत? अन् भर उन्हातले फोटो एवढे साफ कसे? आमच्याकडं लग्नात बारा वाजता फोटो काढला का नवरदेवाच्या डोळ्याखाली काळंकुट्ट येते.

फोटोवाले काका, दारव्हा:
उन्हाचं आधी सांगतो, त्याच्यातच माही जिंदगी गेली. सूर्य डोक्यावर असला का भुवईची सावली डोळ्यात पडते. मयामीत बनी यीगर नावाची बाई होती. आधी सोता मॉडेल, मंग कॅमेऱ्यामागं गेली. ते भर उन्हात फ्लॅश मारे. त्यानं सावली भरून निघते, अन् आभाळही पांढरं पडत नाही. तुह्या मासिकातल्या पोरीच्या बुबुळात बारका पांढरा ठिपका दिसते का पाह्य. बिकिन्या बी तेच शिवे. बेटी पेज नावाच्या मॉडेलचे चित्त्यांसोबतचे 1954 चे फोटो यीगरनंच काढलेले, अन् जानेवारी 1955 च्या प्लेबॉय मासिकातला सांताच्या टोपीतला बी.

पैशाचं म्हणशीन त मर्लिन मन्रोचं घे. 1949 मध्ये टॉम केलीनं लाल मखमलीवर तिचे फोटो काढले, तिले 50 डॉलर भेटले. फोटो कॅलेंडरवाल्यांकडं गेला. 1953 मध्ये ह्यू हेफनरनं त्यांच्याकडून 500 डॉलरात छापायचा हक्क घेतला अन् प्लेबॉयचा पहिला अंक काढला. मर्लिनले त्यातला छदाम नाही. सही एकदा झाली का बाईचा संबंध संपला, मंग कागद हिंडत राहते अन् कमावणारे कमावतात.

रिकामटेकडा, अकोला:
बायाच काहून, चित्रकारही बुडाले. अल्बेर्तो वर्गास एस्क्वायरसाठी पोरी रंगवायचा. मासिकानं त्याच्या नावातला 'स' उडवून 'वर्गा' छापलं. पुढे बिनसलं, कोर्टात गेले, अन् ते नाव मासिकाकडंच राहिलं!

पऱ्हाटीवाला, वणी:
ठिपका आहे काका! दोन्ही डोळ्यात. एक पान फाटलं आहे, सेलोटेप लावू का?

फोटोवाले काका, दारव्हा:
अजिबात नोको. पिवळी पडते अन् शाई घेऊनच निघते. कोऱ्या कागदात ठेव, वर डांबरगोळी टाकू नोको.

सुनंदा, पुसद:
काका, एक विचारू? तुमच्या स्टुडिओच्या काचेत नवऱ्या मुलींचे मोठे फोटो लागायचे, आम्ही शाळेतून येताना थांबून पाहायचो. ते विचारून लावायचे की असेच? त्यांना काही द्यायचे?

फोटोवाले काका, दारव्हा:
एक कॉपी फुकट द्यायचो, ताई. अन् विचारल्याबिगर कधी लावला नाही. बापाले विचारायचो.