मदत हवी आहे : जर्मनीत गेल्यावर अनुभवाच्या तोडीचे सॉफ्टवेअरचे काम कसे मिळवावे?

नमस्कार.

माझे पती ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या युरोपीय संघाच्या निवास परवान्यावर) फ्रँकफर्टला नोकरीत रुजू झाले आहेत आणि काही महिन्यांत मी आमच्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन तिकडे जाणार आहे. मी पवईतील एका आयटी सेवा कंपनीत नऊ वर्षांपासून बॅकएंड डेव्हलपर आहे. जावा, स्प्रिंग बूट, ओरॅकल आणि काफ्का या सॉफ्टवेअर साधनांवर माझे रोजचे काम चालते. त्यातला बराचसा काळ बँकांच्या पेमेंट प्रणालींवर गेला : आयएमपीएस आणि यूपीआय व्यवहारांचा ताळमेळ, अडकलेल्या व्यवहारांचे परतावे, सेटलमेंटच्या (बँकांमधील अंतिम हिशेबाच्या) फाइल्स. शिक्षण मुंबई विद्यापीठाचे बी. ई.; जर्मन भाषा जेमतेम ए१ म्हणजे अगदी प्राथमिक पातळीची.

ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला भाषेच्या प्रमाणपत्राची अट नसते आणि कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते, याची खात्री मी करून घेतली आहे. त्यामुळे व्हिसाविषयी मला शंका नाहीत. माझी काळजी त्यापुढची आहे. ओळखीतल्या ज्या मैत्रिणी नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशी गेल्या, त्यांतल्या काहींनी ‘आधी घर लागू दे, मग बघू’ म्हणत दोन-तीन वर्षे घालवली आणि नंतर अनुभवाशी संबंध नसलेले मिळेल ते काम स्वीकारले. त्या कामांना मी कमी लेखत नाही, परंतु शक्य असेल तर मला माझ्याच क्षेत्रात राहायचे आहे.

पहिली अडचण बायोडेटाची. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे माझा बायोडेटा म्हणजे प्रकल्पांची यादी आहे : ग्राहक ‘एक अग्रगण्य खासगी बँक’, संघ बारा जणांचा, भूमिका ‘सीनियर असोसिएट’. गोपनीयतेच्या करारामुळे बँकेचे नाव लिहिता येत नाही आणि हे पदनाम बाहेरच्या माणसाला काहीच सांगत नाही. कंपनीच्या एचआर विभागाकडून मिळणाऱ्या अनुभवपत्रातही फक्त रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि पद असते; कामाचा तपशील मागितला तर ‘आमचा ठरलेला नमुना आहे’ एवढेच उत्तर येते.

दुसरी अडचण वेळेची. माझा नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा आहे. इथूनच अर्ज सुरू करावेत की तिथला पत्ता झाल्याशिवाय कोणी दखल घेत नाही? शिवाय इंग्रजीवर चालणाऱ्या जागांसाठी लगेच प्रयत्न करावेत, की भाषेची बी१ ही मध्यम पातळी पूर्ण करून मगच बाजारात उतरावे? अनुभव नऊ वर्षांचा असताना सुरुवातीला कनिष्ठ पद घेतले तर ते पुढे चिकटून राहते का, हेही प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी सांगावे.

प्रतिसाद

मी काही वर्षे फ्रँकफर्टमध्ये बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये काम करून आता पार्ल्यात परतलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नातली सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे पेमेंट प्रणालींचा अनुभव, तुम्ही एका वाक्यात उरकून टाकली आहे. युरो क्षेत्रातील बँकांना जानेवारी २०२५ पासून तत्काळ पेमेंट स्वीकारणे आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते पाठवण्याची सोय देणेही कायद्याने बंधनकारक झाले आहे. पैसे दहा सेकंदांत पोहोचले पाहिजेत, दिवस असो वा रात्र, सुट्टी असो वा नसो; आणि पाठवण्याआधी खातेदाराचे नाव पडताळून दाखवायचे. आपल्याकडे आयएमपीएस २०१० मध्ये आणि यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले. म्हणजे व्यवहार अर्ध्यावर लटकला, एका बाजूला रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या बाजूला जमा झाली नाही, तर काय करायचे, हा प्रश्न तुम्ही वर्षानुवर्षे सोडवत आला आहात. युरोपीय सेंट्रल बँक आणि अनेक मोठ्या बँकांची मुख्यालये ज्या शहरात आहेत, तिथेच तुम्ही निघाला आहात. बायोडेटाच्या पहिल्या चार ओळींत हेच आले पाहिजे. जावा तर पुष्कळांना येते.

बँकेचे नाव लिहू नका, पण भार किती होता, बिघाड झाल्यास जबाबदारी कोणाची होती आणि तुम्ही स्वतः कोणता निर्णय घेतला, हे लिहा. ‘आम्ही केले’ अशा वाक्यांवर तिथे मुलाखतीत हमखास उलटा प्रश्न येतो : त्यात तुम्ही काय केले?

जर्मनीत नोकरी सोडताना मालकाकडून कामाचे स्वरूप आणि गुणवत्ता नोंदवणारे सविस्तर प्रमाणपत्र घेण्याचा कर्मचाऱ्याला कायदेशीर हक्क असतो, त्यामुळे तिथल्या एचआरला तशा कागदाची सवय असते. एचआर देत नसेल तर तुमच्या थेट व्यवस्थापकाकडून त्यांच्या नावाने पत्र घ्या आणि ते राजीनाम्याआधी घ्या, कारण एकदा माणूस निघाला की पत्र लिहायला कोणाला सवड नसते.

सॉफ्टवेअर हा तिथे परवानाबद्ध व्यवसाय नसल्याने पदवीच्या मान्यतेवाचून अडत नाही. विद्यापीठाची नोंद अनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन माहितीसाठ्यात पाहून ठेवलीत तरी पुरे. मात्र ‘इंजिनियर’ ही उपाधी तिथे राज्यांच्या कायद्यांनी संरक्षित आहे, म्हणून जर्मन बायोडेटात डेव्हलपर असेच लिहावे. आणि अर्जाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की काम करण्याची परवानगी आहे आणि कंपनीला व्हिसासाठी काहीही करावे लागणार नाही. भारतातला पत्ता पाहून अर्ज बाजूला ठेवला जाण्याचे मुख्य कारण व्हिसाची कटकट हेच असते. अर्ज इथूनच सुरू करा. तिथेही तीन महिन्यांचा नोटीस पीरियड नवलाचा नाही, त्यामुळे तुमच्या नव्वद दिवसांनी कोणी दचकणार नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. पेमेंटच्या अनुभवाकडे मी या दृष्टीने पाहिलेच नव्हते. भाषेचा प्रश्न मात्र उरतोच. शिवाय आमच्या कंपनीत काही जणांनी सुचवले की नोकरी न सोडता तिथून दूरस्थ काम चालू ठेवावे. हे शक्य असते का?

प्रतिसाद

मी अजून म्युनिकमध्ये आहे आणि आमच्या संघासाठी मुलाखतीही घेते, म्हणून उरलेल्या मुद्द्यांवर लिहिते.

दूरस्थ कामाचा सल्ला सहज दिला जातो, पण जर्मनीत बसून काम केले की तिथला आयकर आणि सामाजिक विमा या दोन्हींचा प्रश्न उभा राहतो, आणि भारतीय कंपन्या बहुधा त्या भानगडीत पडत नाहीत. लेखी संमती नसेल तर हा विचार सोडून द्यावा.

भाषेबाबत माझे मत तुम्ही मांडलेल्या दोन्ही पर्यायांपेक्षा जरा वेगळे आहे. बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये इंग्रजीवर निभावते; फ्रँकफर्टच्या बँकांमध्ये कोड इंग्रजीत असला तरी नियमपालन विभागाशी बैठक बहुधा जर्मनमध्येच होते. म्हणून बी१ची वाट पाहत अर्ज रोखू नका, पण शिकणेही थांबवू नका. निघेपर्यंत काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात ए२ होत असेल तर करून घ्या. जर्मनीत आल्यावर तुम्हाला एकात्मता अभ्यासक्रमाला बसता येते. त्यात भाषेचे ६०० तास आणि जर्मन समाज व कायद्याच्या ओळखीचे १०० तास असतात आणि तो बी१पर्यंत नेतो.

कनिष्ठ पदाविषयी : एक पायरी खालचे पद चालेल, पण क्षेत्र बदलू नका. पेमेंटमधली साधी डेव्हलपर वर्षभरात वर सरकते. पोटापाण्यासाठी टेस्टिंगमध्ये शिरलेली डेव्हलपर पुढच्या प्रत्येक मुलाखतीत त्याचा खुलासा करत बसते.

आणि तुम्ही न विचारलेली गोष्ट, जिच्यामुळे इकडे आलेल्या किती तरी जणी घरात अडकतात : मुलाचे पाळणाघर. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला २०१३पासून जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण मोठ्या शहरांत प्रत्यक्ष जागेसाठी लांब प्रतीक्षा असते. तुमच्या यजमानांचा पत्ता तिथे नोंदलेला आहेच. त्यांना या आठवड्यातच मुलाचे नाव घालता येते का ते महापालिकेकडे विचारायला सांगा. नोकरीचा होकार आला आणि मुलाला ठेवायला जागा नाही, म्हणून रुजू होण्याची तारीख पुढे ढकलणाऱ्या उमेदवार आमच्याकडेही येतात.